मुक्या पटाची समीक्षा

ऐतिहासिक कादंबरीवरील मराठी समीक्षा वाचणाऱ्याला एका विधानाची इतकी सवय झालेली असते की ते मुळात कोणाचे, हे विचारण्याचेही त्याला सुचत नाही. लेखकाने राजकारणाचा पट बुद्धिबळासारखा मांडला आहे, अशा आशयाचे ते विधान. त्यापाठोपाठ शह, काटशह, प्यादी, वजीर आणि शेवटी मात असा सगळा सरंजाम येतो आणि विश्लेषण झाले असे समाधान समीक्षकाला व वाचकाला सारखेच मिळते. गेल्या वर्षी एका चर्चासत्रात ‘स्वामी’ आणि तिच्यानंतरची ऐतिहासिक कादंबरी या विषयावरील निबंध याच सरंजामासह वाचला गेला. त्यात राघोबादादांचे निजामाशी सख्य ही ‘फितुरी’ ठरली, जानोजी भोसले ‘निजामाच्या हातचे प्यादे’ ठरले आणि विठ्ठल सुंदर ‘परक्याचा वजीर’. टाळ्या पडल्या. मे १७६३ मध्ये पुण्यावर चालून आलेले हे प्यादे ऑगस्टात पेशव्यांच्या बाजूस कसे सरकले, आणि सरकवले कोणी, असे मी विचारू पाहिले. पण वेळ संपली होती आणि चहा तयार होता. तो प्रश्न येथे सविस्तर विचारतो.

बुद्धिबळाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रूपक वापरताना त्या खेळाचे नियम न आठवण्याविषयी. बुद्धिबळात खेळाडू दोन. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा. पटावरचे सर्व काही दोघांनाही दिसते, आणि मुख्य म्हणजे हा खेळ मुकाट्याने खेळता येतो. किंबहुना तो तसाच खेळावा असा संकेत आहे. समोरच्याला वचन देणे, त्याची समजूत घालणे, तिसऱ्याविषयी त्याच्या मनात संशय पेरणे यांना तेथे जागाच नाही, कारण तिसरा नाही. प्याद्याला स्वतःचे मन नाही, घोडा रात्रीतून समोरच्याच्या पागेत जाऊन उभा राहत नाही. ज्या राजकारणात महिना-महिना नुसती बोलणी चालत, वकील या छावणीतून त्या छावणीत हेलपाटे घालत आणि बेलभंडार उचलून दिलेला शब्दही पुढच्या हंगामात नव्याने तोलून पाहिला जाई, त्या राजकारणाला आपण हे मुके रूपक लावतो. मग कादंबरीतील बोलणी आपल्याला ऐकू येत नाहीत, फक्त चाली दिसतात. आणि पटाच्या नियमात न बसणारी चाल दिसली की तिला ‘फितुरी’ हे नाव देऊन आपण मोकळे होतो.

दुसरे रूपक सारीपाटाचे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते बुद्धिबळाच्या शेजारीच नांदते. ‘सत्तेच्या सारीपाटावर शह-काटशह’ असे लिहिताना कोणालाही अडखळल्यासारखे होत नाही. वस्तुतः सारीपाट हा अगदी निराळा खेळ आहे. आमच्या पिंगळीत माझ्या लहानपणी ओसरीवर कापडी पट पसरून चार म्हातारे कवड्यांवर तो खेळत. समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. एका घरात दोन सोंगट्या जोडीने बसल्या की ते जुग. जुग शाबूत असेपर्यंत निर्धास्त असावे आणि ते फुटले की सोंगटी मेलीच समजावी. एकाच्या सोंगट्या घरी पोचल्या म्हणून डाव जिंकला जात नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. म्हणून पुढे गेलेला खेळाडू कित्येकदा मागे राहिलेल्यासाठी आपली सोंगटी अडवून धरतो. हा निष्ठेचा खेळ आहे. परंतु येथली निष्ठा कमवावी लागत नाही, ती बसण्याच्या जागेवरून ठरते. भिडूशी वाटाघाट करावी लागत नाही आणि भिडू सोडून जाईल ही भीतीही नसते.

आपल्या समीक्षेची गोम येथे आहे. चालींचे वर्णन करताना ती बुद्धिबळाची भाषा वापरते आणि न्याय करताना मात्र सारीपाटाचा नियम लावते. कोण कोणाचा भिडू हे तिने आधीच, आणि बहुधा पुण्यातूनच, ठरवलेले असते. त्यानंतर जो आपल्या जागेवरून उठेल तो घरभेद्या.

या दोहोंखेरीज खेळांचा तिसरा वर्ग आहे आणि तो परदेशातून उसना आणावा लागतो असेही नाही. अल्बेरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानात फाशांच्या आधाराने चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. सोळाव्या शतकात बंगालमधील स्मार्त पंडित रघुनंदन याने ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात चतुरंगाचा असाच चौघांचा प्रकार व्यास युधिष्ठिराला समजावून सांगत आहेत अशा रूपात दिला आहे. (युधिष्ठिरालाच फाशांचा खेळ शिकवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे.) या खेळात चार राजे आणि चार सैन्ये. दोघे-दोघे मित्र. पण मित्राच्या राजाच्या घरात आपला राजा नेऊन बसवला तर मित्राचे सैन्यही आपल्या हुकमतीखाली येते. आणि आपला राजा राखून उरलेले तिन्ही राजे, मित्राचा धरून, जो मारतो त्याला सर्वांत मोठा जय मिळतो. त्या जयालाच ‘चतुराजी’ म्हणतात. मैत्री आणि तिचा भंग या दोन्ही गोष्टी येथे नियमात आहेत. मित्राचे सिंहासन घेणारा खेळाडू खेळ बिघडवीत नाही, तो खेळ पुरा करतो.

या वर्गाचे टोकाचे आधुनिक रूप म्हणजे ‘डिप्लोमसी’ हा अमेरिकन खेळ. ॲलन कॅलहॅमर यांनी तो १९५४ साली सिद्ध केला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप हा पट, सात सत्ता, सात खेळाडू. फासा नाही, कवडी नाही, दैवाचा अंशही नाही. प्रत्येक फेरीआधी खेळाडू दोघादोघांनी बाजूला जाऊन बोलतात, हवी ती वचने देतात, आणि मग प्रत्येकजण आपली चाल गुप्तपणे कागदावर लिहितो. सगळे कागद एकदम उघडतात. दिलेले वचन पाळलेच पाहिजे असा नियम नाही. मात्र सात सत्तांची ताकद अशी वाटलेली आहे की मदतीवाचून कोणालाही फार पुढे सरकता येत नाही. म्हणजे वचन दिल्यावाचून चालत नाही, त्यावर विसंबल्यावाचूनही चालत नाही. खेळाचे सारे द्रव्य बोलणे हेच आहे. ज्या हार्वर्डमध्ये कॅलहॅमर शिकत होते तेथेच १९५५ साली जे. एल. ऑस्टिन यांनी वचन, पैज, शपथ यांसारखे उच्चार हे वर्णन नसून कृती असतात हे सांगणारी व्याख्याने दिली, ती १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, परंतु वाक्कृतीचा सिद्धान्त शिकवताना या खेळाइतके सोयीचे उदाहरण मला सापडलेले नाही. गणिती बाजूने हीच गोष्ट फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवली होती. दोन खेळाडूंच्या निव्वळ हार-जितीच्या खेळात युतीला अर्थ नसतो. तिसरा आला की कोण कोणाशी मिळेल हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो. आपल्या समीक्षेत हा तिसरा अजून आलेला नाही.

आता राक्षसभुवनकडे वळू. पानिपतानंतर वर्ष-दीड वर्षातच माधवराव आणि राघोबादादा यांचे बिनसले. दादांनी निजामअलीची मदत घेतली, जानोजी भोसल्यांशी संधान बांधले, आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी व आळेगाव येथे पुतण्याला हार खावी लागली. माधवराव स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. कारभार हाती येताच दादांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. मिरजेवर स्वारी झाली आणि गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले. कालपर्यंत दादांचा मदतनीस असलेल्या निजामाला आता दादांविरुद्धच गोळा करता येईल अशी नाराज माणसे आयती मिळाली. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याने जानोजींपुढे साताऱ्याच्या गादीच्या कारभाराचे आमिष ठेवले. भोसले कुळाच्या दृष्टीने ते केवळ आमिष नव्हते, हक्काचे बोलणे होते. मे १७६३ मध्ये ही फौज पुण्यावर आली. शहर लुटले, जाळले गेले. पेशव्यांच्या फौजांनी उलट निजामाच्या व भोसल्यांच्या मुलखात जाळपोळ केली. मग पुण्याकडून बोलणी सुरू झाली आणि बत्तीस लाखांच्या मुलखाच्या बोलीवर जानोजी फिरले. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे होता, नदीला पूर होता, आणि अलीकडच्या तीरावर राक्षसभुवनला विठ्ठल सुंदर उरल्या फौजेसह कापला गेला.

कथा येथे थांबवली की ती कादंबरीला सोयीची होते. काका-पुतणे एक झाले, घरचा रुसलेला परत आला, शत्रू बुडाला. पण पट आवरला गेला नव्हता. दोन-अडीच वर्षांतच माधवरावांनी त्याच निजामअलीला बरोबर घेऊन जानोजींवर चाल केली आणि १७६६ च्या आरंभी त्या बत्तीस लाखांपैकी चोवीस लाखांचा मुलूख परत घेतला. त्यातला मोठा वाटा निजामाला मिळाला. आता या चौघांपैकी फितूर कोण? निजामाशी संगनमत हे फितुरीचे लक्षण धरले तर दादा १७६२ मध्ये, जानोजी व पटवर्धन १७६३ मध्ये आणि स्वतः माधवराव १७६६ मध्ये फितूर ठरतात. दिलेला शब्द मोडणे हे लक्षण धरले तरी यादी फारशी बदलत नाही. तरीही आपल्या समीक्षेत पहिल्याला फितुरी म्हणतात आणि शेवटच्याला मुत्सद्देगिरी. हा फरक घटनांत नाही. तो कोणाला खेळाडू मानायचे आणि कोणाला सोंगटी, या आधीच घेतलेल्या निर्णयात आहे.

लोकस्मृती या बाबतीत समीक्षेपेक्षा शहाणी निघाली. पेशवाईतील ‘साडेतीन शहाणे’ कोण, हे आठवून पाहावे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणीस. नाना तलवार चालवीत नसत म्हणून अर्धे. बापू पुण्याचे, देवाजीपंत नागपूरचे, विठ्ठल सुंदर निजामाचा. म्हणजे ज्याने ही यादी प्रथम केली त्याने शहाणपण एका दरबारात साठवले नाही, पटाच्या निरनिराळ्या बाजूंना बसवले. पुणे ज्याच्या मसलतीने जळले त्या विठ्ठल सुंदराला त्याने शहाण्यांत मोजले, आणि नानांना अर्धे म्हणताना त्याला काही वाटले नाही. आमच्या निबंधवाचकाचा ‘परक्याचा वजीर’ तो हाच.

बखरींकडेही याच दृष्टीने पाहता येईल. भाऊसाहेबांच्या बखरीत मल्हारराव होळकर शिंद्यांना नजीबखानाविषयी जो सल्ला देतात तो प्रसिद्ध आहे. नजीब पुरता संपवू नका, तो संपला की पेशव्यांना आपली गरज उरणार नाही, असा त्याचा मथितार्थ. पानिपताच्या निकालावरून मागे पाहत आपण हा सल्ला स्वार्थाचा नमुना म्हणून शिकवतो. तो स्वार्थाचा आहेच. पण तीन किंवा अधिक पक्षांच्या खेळात दुबळ्या तिसऱ्याला जिवंत ठेवणे हा अगदी प्राथमिक धडा आहे, आणि बखरकाराने तो मल्हाररावांच्या तोंडी त्यांच्या बाजूच्या युक्तिवादासह घातला आहे. त्याला पात्राचे बोलणे ऐकू येत होते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) वर लिहिताना शुजाउद्दौल्याला आपल्याकडे ओढण्यासाठी दोन्ही बाजूंनी चाललेली ओढाताण किंवा सूरजमल जाटाचे निघून जाणे यांची दखल आपण घेतो, परंतु ती ‘कारणे’ म्हणून, निकालाची कारणे. त्या क्षणी शुजाला दोन्ही दारे उघडी होती, त्याच्या वडिलांनी मराठ्यांशी करार केलेला होता, आणि म्हणूनच त्याच्याशी कसे बोलावे हा प्रश्न होता, ही संहितेतील अनिश्चितता आपण पुसून टाकतो. निकाल ठाऊक असलेल्या वाचकाचे हे पाप निदान समीक्षकाने करू नये.

याचा सर्वांत मोठा तोटा गद्याच्या इतिहासाला झाला आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त आणले, पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड सरदेसायांनी संपादित केले. ही पत्रे इतिहासाची ‘साधने’ ठरली आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांना हात लावला नाही. वास्तविक मराठीत शब्द देणे, शब्द अर्धवट देणे, देतानाच त्याला पळवाट ठेवणे, दुसऱ्याच्या शब्दाची किंमत करणे यांच्या जितक्या छटा आहेत त्यांचे भांडार या पत्रांत आहे. करारमदार, आणभाक, क्रिया, जामीन, ओलीस, मध्यस्थी हे शब्द कोशात शेजारी-शेजारी सापडतात. त्यांच्यातला व्यवहाराचा फरक पत्रांतच कळतो. वाक्कृतीवर मराठीत काही लिहायचे तर ऑस्टिनच्या जहाजाला नाव ठेवण्याच्या उदाहरणाऐवजी येथून सुरुवात का होऊ नये?

गेल्या पावसाळ्यात मी एक लहानसा प्रयोग केला. पदव्युत्तर वर्गातील आठ विद्यार्थ्यांना पिंगळीला घरी बोलावले. परभणी-पूर्णा मार्गावरची गाडी उशिरा आल्याने अर्धा दिवस तसाच गेला, ते सोडा. त्यांच्या चार जोड्या केल्या: पुणे, दादा, नागपूर, हैदराबाद. मुलखाच्या लाखांऐवजी चिंचोके वाटले. प्रत्येक फेरीत आधी पाव तास कोणीही कोणाशीही, ओसरीवर वा परसात, खाजगी बोलावे. मग प्रत्येक जोडीने आपण कोणाबरोबर हे चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. ज्यांची युती मोठी त्यांनी इतरांचे चिंचोके ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावेत. दुसऱ्या फेरीत नागपूरने हैदराबादला दिलेला शब्द मोडला. हैदराबादकडून खेळणारी मुलगी खरोखरच रागावली आणि फसवल्याचा आरोप झाला. त्यावर नागपूरवाला मला म्हणाला, “सर, मी फसविलं नाही. बोललो तेव्हा खरंच बोललो होतो. नंतर दादांनी जास्त दिले.” मागच्या सत्रातील उत्तरपत्रिकेत या विद्यार्थ्याने जानोजींना विश्वासघातकी म्हटले होते, हे मी त्याला त्या वेळी सांगितले नाही.

त्याचे वाक्य मला अजून सोडवत नाही. उच्चाराच्या क्षणी प्रामाणिक असलेले वचन पुढे मोडले तर वचनाची कृती फसली काय? ऑस्टिनच्या चौकटीत मनात पाळण्याचा हेतूच नसताना दिलेले वचन आणि हेतू असूनही पुढे न पाळलेले वचन यांत भेद आहे. ‘फितुरी’ हा शब्द दोहोंवर सारखीच शाई ओततो. तिसऱ्या फेरीत मात्र वेगळेच घडले. नागपूरने पुन्हा बोलणी लावली, अटी पहिल्यापेक्षा चांगल्या देऊ केल्या, पण कोणी त्यांच्याशी मिळेना. हैदराबाद आणि पुणे एकत्र आले. १७६६ चा इतिहास त्या मुलांना तपशिलाने ठाऊक नव्हता.

येथे एक आक्षेप येणार आणि तो मी टाळू इच्छीत नाही. सगळाच खेळ म्हटला तर विश्वासघात नावाची वस्तूच उरत नाही, ज्याने जे केले ते नियमानुसार, असे होईल. या आक्षेपात तथ्य असते, जर मी नीतीला पटाबाहेर घालवले असते. पण तिसऱ्या फेरीत जे दिसले ते नीतीचेच काम होते. फक्त ते निवेदकाच्या विशेषणात नव्हते, इतर खेळाडूंच्या स्मरणात होते. पत गेली होती. शिवाय खरा विश्वासघातही असतोच. तो ओळखायचा तर कोणते नाते जागेने मिळालेले आणि कोणते बोलून जोडलेले, हे आधी वेगळे केले पाहिजे. दादा आणि माधवराव यांच्यात रक्ताचे नाते होते, ते सारीपाटाचे. आणि कारभाराच्या वाटणीचे नाते होते, ते कराराचे. आळेगावी ही दोन्ही नाती एकाच वेळी तुटली व जोडली गेली, म्हणून तो प्रसंग इतका दुखरा आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने (१९६२) त्यातले पहिले नाते उत्कटतेने उभे केले. दुसऱ्याला तिने कमी जागा दिली, हा कादंबरीकाराचा निवडीचा हक्क. समीक्षकाने ती निवड म्हणून दाखवायची की सत्य म्हणून गिरवायची, हा प्रश्न आहे. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) च्या बाबतीतही नानांची बदनामी झाली की नाही यावर जेवढी शाई खर्ची पडली तिच्या चौथाईनेही मुलगी आणि कोतवाली यांच्या सौद्याच्या बोलण्याची चिकित्सा झालेली नाही. तो सौदा दोन पक्षांचा वाटतो. वस्तुतः ज्या मुलीवर तो झाला ती तिसरी असून तिला बोलायला जागाच ठेवलेली नाही. मुक्या पटाचे रूपक तेथे समीक्षेने आणलेले नाही, नाटककाराने जाणून वापरले आहे. हा फरक टिपायला हवा होता.

या साऱ्यात माझे काय अडले आहे, असे कोणी विचारील. उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३), आणि आमच्या शिवेला लागून असलेले खर्डा (१७९५): ऐतिहासिक कादंबरीत मराठवाडा येतो तो असा, लढाईची भूमी म्हणून. आम्ही पट आहोत. पटावरच्या घरांना बाजू नसते. परंतु परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, माझ्या आजोबांच्या शेताचे कागद उर्दूत आहेत आणि ते मला वाचता येत नाहीत. निजामी राजवटीची तरफदारी मला करावयाची नाही. रझाकारांच्या आठवणी आमच्या घरात आजही हलक्या आवाजात सांगितल्या जातात. पण अठराव्या शतकात या मुलखातले मराठी बोलणारे देशमुख, देशपांडे, दिवाण आणि शिलेदार ज्या बाजूला होते ती बाजू आधीच ‘परकी’ ठरवून वाचायची म्हटले की आमच्या वर्गातल्या मुलाला आपल्या पूर्वजांची जागा एकतर फितुरांत शोधावी लागते किंवा मुळीच शोधता येत नाही. २०१९ ते २०२३ या चार वर्षांत महाराष्ट्रात युत्या जुळताना व मोडताना त्याने पाहिल्या आहेत, आणि त्यांवर वर्तमानपत्रे कोणता शब्द कोणत्या बाजूला देतात हेही. त्याला या बाबतीत शिकवण्यासारखे फार थोडे आहे. त्याची पाठ्यपुस्तकी भाषा तेवढी काढून घेतली पाहिजे.

म्हणून यंदाच्या अंतर्गत परीक्षेत ‘राघोबादादांची फितुरी स्पष्ट करा’ या धर्तीचा प्रश्न मी वगळला. त्याऐवजी असे विचारले: जुलै १७६३, नागपूरकरांची छावणी; पुण्याचा वकील देवाजीपंत चोरघड्यांच्या भेटीस आला आहे; त्या दोघांचे संभाषण लिहा. बहुतेक उत्तरपत्रिकांत वकील तोंड उघडताच स्वराज्य, धर्म आणि एकी यांवर पानभर बोलला आणि देवाजीपंतांचे डोळे पाणावले. दोन-तीन उत्तरपत्रिकांत मात्र वकिलाने आधी पाणी मागितले, पावसाची चौकशी केली, आणि मग विचारले की निजाम साताऱ्याचा कारभार देतो म्हणतो खरा, पण सातारा त्याच्या हातात आहे कुठे?